लीव्ह हर टू हेवन

लीव्ह हर टू हेवन : ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या कंपनीचा १९४५ सालचा टेक्निकलर चित्रपट. दिग्दर्शक जॉन एम. स्टाल, पटकथा जो स्वर्लिंग, छायालेखन लिऑन शॅमरॉय, संगीत आल्फ्रेड न्यूमन. लांबी ११० मिनिटे. बेन एम्स विल्यम्स यांच्या १९४४ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. नाव ‘हॅम्लेट’मधले. बापाचे भूत मुलाला बजावते, की आईला शासन करायला जाऊ नकोस. तिला देवावर सोड आणि तिच्याच काळजात रुतलेल्या काट्यांवर सोड.

नॉयर, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतले काळोखे अमेरिकन गुन्हेपट, म्हटले की रात्र, ओले रस्ते, सिगारेटचा धूर आणि कृष्णधवल सावल्या डोळ्यांपुढे येतात. इथे त्यातले जवळजवळ काही नाही. या चित्रपटातले दुष्कृत्य भर उन्हात, निळ्या तळ्यावर घडते. म्हणून काही अभ्यासक त्याला नॉयर मानायला कचरतात आणि ‘स्त्रीप्रधान मेलोड्रामा’च्या खणात टाकतात. पण पूर्वदृश्यातून उलगडणारी कथा, पहिल्याच भेटीत गळ्यात अडकलेला फास आणि पुरुषाला गिळून टाकणारी नायिका हा सगळा ऐवज नॉयरचाच आहे. फक्त काळोखाचे काम इथे रंगांना दिले आहे.

कथा वकील ग्लेन रॉबी (रे कॉलिन्स) सांगतो. लेखक रिचर्ड हार्लंड (कॉर्नेल वाइल्ड) याला आगगाडीत एलन बेरंट (जीन टियर्नी) भेटते. तिच्या हातात त्याचीच कादंबरी असते आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळलेली, कारण तो तिच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांसारखा दिसतो. सरकारी वकील होऊ घातलेल्या रसेल क्विंटनशी (व्हिन्सेंट प्राइस) ठरलेले लग्न मोडून ती रिचर्डशी लग्न करते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे एलनचा सवतीमत्सर, पण सवत म्हणून समोर येते ते कोणीही आणि काहीही. नवऱ्याचा पोलिओने अधू झालेला धाकटा भाऊ डॅनी (डॅरिल हिकमन), त्याचे लेखन, तिची स्वतःची आई, घरात दत्तकासारखी वाढलेली रूथ (जीन क्रेन), शेवटी पोटातले मूलसुद्धा. आई तिची बाजू घेताना म्हणते, की एलनमध्ये वाईट काही नाही, ती फक्त प्रेम जास्त करते. संहितेतले सर्वांत भयंकर वाक्य हेच असावे.

तळ्याचा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. डॅनी पोहत तळे ओलांडायचे म्हणतो. एलन काळा चष्मा लावून होडी वल्हवत मागे राहते. पोटात गोळा येऊन तो बुडू लागतो, हाका मारतो. ती वल्ही थांबवून बसून राहते. या वेळी पार्श्वसंगीत पूर्ण बंद आहे. पाणी आणि मुलाचा आवाज एवढेच ऐकू येते. किनाऱ्यावरून नवऱ्याची शीळ आली की मगच ती किंचाळते आणि पाण्यात उडी घेते. न्यूमनचे संगीत इतरत्र ढोल बडवत येते (न्यू मेक्सिकोत घोड्यावरून वडिलांची रक्षा उधळण्याचे दृश्य पाहावे), म्हणून इथली शांतता अंगावर येते. जिन्याचा प्रसंगही असाच थंड. ती फिकट निळा झगा निवडते, ओठ रंगवते, अत्तर लावते आणि मग सपातेचे टोक गालिच्याच्या कडेखाली अडकवून स्वतःला झोकून देते. गोष्ट अमेरिकेच्या मेन राज्यातली असली तरी तळे कॅलिफोर्नियातले, बास लेक.

त्या काळचा टेक्निकलर कॅमेरा एकाच भिंगामागे तीन कृष्णधवल फिती चालवत असे. भिंगामागचा लोलक प्रकाश दुभागायचा. एक वाटा सरळ जाऊन हिरव्या रंगाची नोंद करणाऱ्या फितीवर पडे. दुसरा वाटा एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फितींवर जाई. पुढची निळ्याची, मागची लाल रंगाची. लालाची प्रतिमा पुढच्या फितीतून गाळून येत असल्याने किंचित मऊच उमटे. चित्रगृहात जाणाऱ्या प्रती छापताना तिन्ही नोंदींवरून जिलेटिनचे उठावदार साचे काढत आणि मोरपिशी, किरमिजी व पिवळा रंग ठशासारखा एकावर एक उमटवत. ही पद्धत प्रकाशाला फार भुकेली. कॅमेरे विकत मिळत नसत, ते टेक्निकलर कंपनीकडून माणसांसकट भाड्याने घ्यावे लागत आणि नॅटली काल्मस यांचे नाव रंग-सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत येई. एवढ्या उजेडातही शॅमरॉयने खोल्यांमध्ये अंबरी झाक आणि खऱ्या सावल्या ठेवल्या. या कामासाठी त्याला ऑस्कर मिळाले. एकूण चारपैकी हे तिसरे. टियर्नीला अभिनयाचे नामांकन होते, पण पुतळा ‘मिल्ड्रेड पीअर्स’साठी जोन क्रॉफर्डकडे गेला.

घरी पाहण्याच्या प्रतींबद्दल बोलताना एक गोष्ट आधी सांगायला हवी : मूळ निगेटिव्ह आता नाहीत. त्या नायट्रेट या अतिज्वालाग्राही फितीवर होत्या. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याने विझत नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातला ठेवा गेला, तो याच गुणामुळे. १९७० च्या दशकात फॉक्सने आपल्या तीनपट्टी निगेटिव्हवरून ‘कलर रिव्हर्सल इंटरमीजिएट’ नावाच्या एकाच रंगीत फितीवर नकला काढल्या आणि मूळ फिती नष्ट केल्या. जागा वाचली, धोका टळला; पण या नव्या फितीचे रंग लवकर विटतात, हे नंतर कळले. कृष्णधवल फितीत रंगद्रव्यच नसल्याने तिच्यात विटण्यासारखे काही नव्हते.

याचा परिणाम पडद्यावर दिसतो. तिन्ही फिती शाबूत असलेल्या चित्रपटांत त्या वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर बिंदूला बिंदू जुळवता येतात. इथे तसे करता येत नाही. नक्कल काढताना तीन प्रतिमा केसभर सरकल्या असतील, तर ती रंगीत किनार नकलेतच कायमची मुरली. ॲकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फॉक्स यांनी फिल्म फाउंडेशन या चित्रपट-जतन संस्थेच्या अर्थसाहाय्याने २००५ च्या सुमारास केलेले पुनरुज्जीवन म्हणूनच उत्तम असले तरी मूळ ठसाछपाईच्या प्रतीशी तंतोतंत जुळते असे नव्हे.

फॉक्सची डीव्हीडी २००५ ची. तिच्यावर समीक्षक रिचर्ड शिकल आणि डॅनीचे काम केलेला हिकमन यांचे समालोचन आहे, आणि तेवढ्यासाठी ती अजून जपण्याजोगी. २०१३ मध्ये ट्वायलाइट टाइमने मर्यादित प्रतींचा ब्लू-रे काढला. मार्च २०२० मध्ये क्रायटेरिअन या कंपनीने २के (आडवे सुमारे दोन हजार बिंदू) पुनरुज्जीवनावरून ब्लू-रे व डीव्हीडी काढली. सोबत इमोजेन सारा स्मिथ यांची मुलाखत आणि मेगन ॲबट यांचा लेख. त्याआधी, २०१८ साली, चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली होती.

भारतात क्रायटेरिअनची तबकडी मागवताना विभाग, म्हणजे ती कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल याचा संकेत, पाहावा. ती ‘ए’ विभागाची, आपल्याकडचे ब्लू-रे प्लेअर ‘सी’चे, सर्वविभागी प्लेअर नसेल तर पडद्यावर फक्त सूचना येईल. जुनी युरोपीय पाल (तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडी मिळाली तर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, चित्रपटाच्या ११० मिनिटांची साधारण १०५ मिनिटे आणि काही सेकंद होतात, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर पट्टी चढलेली ऐकू येते. चौकट १.३७ : १ आहे, म्हणजे रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच, त्या घालवायला चित्र ताणले की टियर्नीचा चेहरा पसरतो आणि मोठे केले की चित्राची वरची-खालची बाजू कापली जाते.

टीव्हीची ‘व्हिव्हिड’ मांडणी इथे सर्वांत जास्त घात करते. एलनच्या ओठांचा लाल रंग एका सपाट डागात बदलतो. रंगतापमान ‘कूल’वर असेल तर खोल्यांमधली अंबरी झाक पांढरट होते आणि रात्रीची दिवाणखान्यातली दृश्ये दुपारची वाटू लागतात, ‘वॉर्म’ ठेवावे. गती गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर तळ्याचा प्रसंग दूरचित्रवाणी मालिकेसारखा दिसतो. सगळे जुळले आहे का हे पाहायला आगगाडीतले पहिले दृश्य पुरते : एलनची त्वचा गुलाबी नव्हे तर उबदार दिसावी, आणि ओठ लाल असूनही त्यांवरच्या बारीक रेघा दिसाव्यात.