फर्लरवर जिब चढवणे

शिडाच्या होडीत डोलकाठीच्या पुढे असणारे तिकोनी शीड (जिब, ते डोलकाठीच्या मागेपर्यंत पोहोचण्याइतके मोठे असेल तर जिनोआ) उभ्या अक्षाभोवती गुंडाळणाऱ्या यंत्रणेला फर्लर म्हणतात. शीड रोज गुंडाळले-उलगडले जाते, पण फर्लरवर नव्याने चढवण्याची वेळ मोसमात एखाद-दुसऱ्यांदाच येते. त्यामुळे अनुभवी खलाशीही यातले निम्मे विसरलेला असतो.

डोलकाठीच्या वरच्या भागातून नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) उतरणारी तार म्हणजे फोरस्टे. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पोकळ, उभी खाच असलेली नळी बसवतात. तिला फॉइल म्हणतात. तळाशी दोरी गुंडाळणारा ड्रम असतो आणि फॉइलवरून वर-खाली सरकणारे स्विव्हल. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो, तर वरचा भाग हॅलयार्डला (शीड वर ओढणाऱ्या दोरीला) बांधलेला असून तो फिरता कामा नये. दोहोंमध्ये बेअरिंग असते. पुढच्या सगळ्या भानगडी या ‘फिरता कामा नये’मधून निघतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वायकम-मार्टिन पद्धतीत फॉइल नव्हते. शीड स्वतःच्याच पुढच्या कडेतील तारेभोवती गुंडाळले जाई. ते एकतर पूर्ण उघडे, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट गुंडाळून वापरता येणारे शीड फॉइलमुळे सोयीचे झाले.

हे काम वारा पडलेला असताना, नाळ वाऱ्याकडे ठेवून करावे. आधी ड्रमकडे पाहावे. शीड उघडे असते तेव्हा दोरी ड्रमवर असते आणि ती ओढून शीड गुंडाळले की ड्रम रिकामा होतो. म्हणून शीड चढवण्याआधी ड्रम हाताने फिरवून त्यावर दोरी भरून घेतात. शीड पूर्ण मिटेल त्याहून तीन-चार फेरे जास्तच हवेत, म्हणजे शेवटी शीटचेही (शीड आवळणाऱ्या दोऱ्यांचे) दोन-तीन वेढे गुंडाळीवर बसतात. फेऱ्यांची दिशाही महत्त्वाची. शिडाच्या मागच्या व खालच्या कडेवर उन्हापासून बचावाची पट्टी शिवलेली असते. दोरी उलटी भरली तर ती पट्टी आत दडते आणि शीड उन्हात कुजते.

मग शिडाचा खालचा पुढचा कोपरा ड्रमच्या शॅकलला (जोडकडीला), वरचा कोपरा स्विव्हलच्या खालच्या भागाला आणि हॅलयार्ड वरच्या भागाला जोडतात. पुढच्या कडेला शिवलेली गोल पट्टी, जाडीने साधारण ५ किंवा ६ मिमी, फॉइलच्या खाचेत सरकवायची असते. एकाने नाळेवर उभे राहून ती भरवावी, दुसऱ्याने हॅलयार्ड ओढावा. शीट मोकळ्या असाव्यात. पट्टी अडली तर विंचचा (दोरी ओढण्याच्या फिरत्या यंत्राचा) जोर लावू नये, खाली उतरवून पाहावे. खाच साबणपाण्याने धुऊन कोरडा सिलिकॉन फवारला तर शीड सहज चढते. ग्रीस मात्र नको, त्याला वाळू चिकटते.

शीड वर गेले की नजर खाली नव्हे, माथ्यावर न्यावी. हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर उतरत असेल, तर गुंडाळताना तोही फॉइलभोवती वेटोळे घालतो. खाली कळते ते एवढेच, की ड्रम दोन-चार फेऱ्यांनंतर अडला. अशा वेळी विंचने ओढणे हा सर्वांत महागडा उपाय: फोरस्टेच्या तारा पिळवटून तुटतात आणि डोलकाठी पडू शकते. हे टाळायचे तर स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ पोहोचले पाहिजे आणि हॅलयार्ड तिथून मागे डोलकाठीकडे साधारण १० अंशांचा कोन करून गेला पाहिजे. शीड आखूड असेल तर शीड आणि स्विव्हल यांच्यामध्ये तारेचा किंवा दोरीचा तुकडा घालतात. कोन मुळातच कमी असलेल्या होड्यांत डोलकाठीवर हॅलयार्ड मागे खेचणारी कडी बसवतात.

ताणाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. हॅलयार्ड शिडाची कड ताणतो, फोरस्टे नव्हे. फोरस्टेला झोळ पडत असेल तर तो मागच्या तारेने, म्हणजे बॅकस्टेने काढायचा. हॅलयार्ड कितीही आवळला तरी झोळ जात नाही, बेअरिंगवरचा भार तेवढा वाढतो आणि गुंडाळणे जड होते. पुढच्या कडेपासून मागे आडव्या सुरकुत्या दिसल्या तर ताण कमी आहे. कडेला समांतर उभी घडी दिसली तर जास्त. मंद वाऱ्यात किंचित सुरकुत्या राहू द्याव्यात. वारा वाढला की शिडाची फुगवटी मागे सरकते. ती पुढे आणण्यासाठी थोडा ताण वाढवतात. नवे कापड सुरुवातीला ताणले जाते, म्हणून काही तासांच्या वापरानंतर पुन्हा तपासावे. होडी बराच काळ उभी राहणार असेल तर हॅलयार्ड थोडा सैल करावा.

गुंडाळताना शीट अगदी सोडून देऊ नये, हलका ताण ठेवावा. सैल गुंडाळीत वादळी वारा शिरतो. अर्धवट गुंडाळलेले शीड मधोमध फुगते, म्हणून काही शिडांच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवतात, आणि शीटची कप्पी पुढे सरकवावी लागते.

उतरवण्यासाठी शीड आधी पूर्ण उलगडावे लागते, कारण गुंडाळलेले शीड खाचेतून निघत नाही. जोरदार वाऱ्यात हे जमत नाही, त्यामुळे वादळाची चाहूल लागताच, वारा अजून मवाळ असताना ते उतरवून आत ठेवतात.