मदेरा: उन्हात आणि समुद्रावर मुरलेली वाईन

जेवण संपल्यावर रेस्टॉरंटच्या यादीत शेवटच्या पानावर एखादी वीस-तीस वर्षांची मदेरा दिसते. इतकी जुनी वाईन असूनही ती ग्लासाच्या हिशेबाने मिळते आणि बाटली बहुधा कितीतरी आठवड्यांपूर्वीच उघडलेली असते. दुसरी कुठलीही जुनी वाईन एवढ्या काळात शिळी झाली असती. ही होत नाही, कारण वाईन ज्या गोष्टींनी बिघडते त्या सगळ्या, म्हणजे ऊन, हवा, हेलकावे, हिने आधीच सोसलेल्या असतात. हे कसं घडलं ते समजून घ्यायला अटलांटिकमधल्या एका बेटावर जावं लागतं.

१४१९-२० च्या सुमारास पोर्तुगीज दर्यावर्दी या बेटावर उतरले तेव्हा तिथे वस्ती नव्हती, होतं ते दाट जंगल. म्हणून नाव पडलं मदेरा, पोर्तुगीज भाषेत लाकूड. आपल्या ‘मदिरा’शी या शब्दाचं काहीच नातं नाही, पण योगायोग इतका सुरेख आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. जंगल तोडून लोकांनी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली आणि ‘लेवादा’ नावाच्या पाटांनी पाणी खेळवलं. आधी पैसा दिला तो उसाने. पुढे ब्राझीलची स्वस्त साखर आली आणि द्राक्षांचं महत्त्व वाढलं.

फुंशाल हे बेटाचं बंदर. अमेरिका, आफ्रिका किंवा हिंदुस्थानकडे निघालेली जहाजं इथे थांबून गोडं पाणी भरून घेत आणि सोबत वाईनची पिपंही चढवत. साधी वाईन लांबच्या प्रवासात आंबट होऊन जाई. म्हणून अठराव्या शतकात तिच्यात ब्रँडी मिसळण्याची पद्धत रुळली. जास्तीच्या अल्कोहोलमुळे वाईन टिकू लागली. आंबण्याची क्रिया चालू असतानाच स्पिरिट घातलं तर यीस्ट मरतं आणि द्राक्षातली न आंबलेली साखर तशीच राहते, ती वाईनची गोडी. स्पिरिट किती लवकर घालायचं यावर गोडी किती राहील ते ठरतं. सर्सियाल जातीच्या द्राक्षांची वाईन त्यामुळे जवळजवळ कोरडी, म्हणजे गोडी नसलेली असते, व्हर्देल्यो आणि बोआल मधल्या, तर मालवाझिया सर्वांत गोड.

पण मदेराला मदेरा केलं ते जहाजाच्या तळाने. विषुववृत्ताच्या उकाड्यात महिनोन्महिने पिपं तापत, डुलत, आणि न विकता परत आलेलं पीप फोडलं की आतली वाईन आधीपेक्षा सरस निघे. व्यापाऱ्यांनी हे हेरलं आणि मुद्दाम पिपं फेरीला पाठवायला सुरुवात केली. अशा वाईनला ‘विन्यो दा रोडा’ म्हणत, म्हणजे फेरी करून आलेली वाईन. हिंदुस्थानला जाऊन आलेल्या पिपांना विशेष मान होता. नुसतं मुरायला एखादी वाईन अर्धं जग फिरून येते, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

एवढा प्रवास महाग पडे. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच वाईन तापवण्याची सोय झाली. तिला ‘एश्तुफा’ म्हणतात. आज साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंश सेल्सिअसला किमान तीन महिने तापवतात. उंची मदेरा मात्र लाकडी पिपांतच ठेवतात, छपराखालच्या उबदार माळ्यावर, वर्षानुवर्षं. पिपं ज्या आडव्या तुळयांवर ठेवतात त्यांचं नाव ‘कांतेइरो’, आणि तेच या पद्धतीचंही नाव.

या वाईनचं मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती. १६६३ च्या इंग्लिश कायद्याने युरोपचा माल वसाहतींत इंग्लंडमार्गेच नेण्याची सक्ती केली, पण मदेराच्या वाईनला त्यातून सूट होती. त्यामुळे ती थेट तिकडे जाई. १७६८ मध्ये बॉस्टनला जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं ‘लिबर्टी’ हे गलबत कस्टम्सने जप्त केलं आणि दंगल उसळली. त्या गलबतातून मदेराच आली होती.

एकोणिसाव्या शतकात मात्र वेलींवर संकट कोसळलं. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला भुरी रोग आला, १८७२ च्या सुमारास मुळं खाणारा फायलोक्सेरा हा कीटक. कित्येक व्यापारी बेट सोडून गेले. वर सांगितलेल्या चार जातींची लागवड तेव्हापासून थोडीच राहिली. आज बहुतेक मदेरा टिंटा नेग्रा या काळ्या द्राक्षाची असते.

आता पुन्हा ग्लासाकडे. रंग गर्द तपकिरी, ग्लास तिरका केला की कडेला हिरवट-पिवळी झाक. वास भाजलेल्या अक्रोडाचा, जळत आलेल्या साखरेचा, आणि त्यामागे चक्क मेथीचा. हा भास नव्हे. जुन्या मदेरात सोटोलॉन नावाचं द्रव्य तयार होतं, मेथीदाण्याचा वासही त्याचाच. घोट घेतला की आधी गोडी लागते आणि लगेच आंबटपणा ती कापून काढतो, म्हणून ती जिभेवर चिकटून बसत नाही. हा आंबटपणा इतका तीव्र असतो की बाटल्या उभ्याच ठेवतात. आडव्या ठेवल्या तर बूच खराब होतं.

लेबल वाचताना एक लक्षात ठेवावं. ‘वीस वर्षं’ असं लिहिलेलं असेल तर ते वेगवेगळ्या वर्षांच्या वाईनचं मिश्रण असतं. ‘फ्रास्केइरा’ असेल तर एकाच वर्षाची, एकाच जातीची, आणि पिपात किमान वीस वर्षं राहिलेली. अशा बाटलीवर बहुधा दोन वर्षं छापलेली असतात, द्राक्षांच्या हंगामाचं आणि बाटलीत भरल्याचं. बाटलीत ती फारशी बदलत नाही. त्यामुळे या दोन आकड्यांतला फरक, तेवढंच तिचं खरं मुरणं.