हातावरचा टणकपणा काय सांगतो?

घरात कुणाला टीबी निघाला की बाकीच्यांना मांटू टेस्ट करायला सांगतात. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या वरच्याच थरात 0.1 मिलीलिटर द्रव टोचतात. जागच्या जागी पांढुरका फुगवटा येतो, थोड्या वेळात बसतो. मग 48 ते 72 तासांनी परत बोलावतात. नर्स बोट फिरवून बघते, पेनाने खुणा करते, पट्टी लावते. लाली कितीही पसरलेली असो, मोजायचा असतो तो टणकपणा. साधारण 10 मिलिमीटर किंवा जास्त भरला तर टेस्ट पॉझिटिव्ह, आणि घरात घबराट.

टोचलेल्या द्रवात जिवंत जंतू नसतो, त्याची प्रथिनं असतात. 1890 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी याच द्रवाचा पूर्वज टीबीचं औषध म्हणून पुढे आणला होता. औषध म्हणून तो फसला, तपासणीसाठी मात्र टिकला. बोटाला लागणारा टणकपणा म्हणजे तिथे जमलेल्या आपल्याच पेशींची गर्दी. या जंतूला आधी पाहिलेल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याची प्रथिनं ओळखतात आणि इतर पेशींना बोलावून घेतात. जमायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांनी बोलावणं. (टीबीवरच्या बीसीजी लसीमुळेही कधीकधी टेस्ट पॉझिटिव्ह येते.) म्हणजे टेस्ट ओळख सांगते, आजार नाही.

ही ओळख होते फुप्फुसात. श्वासाबरोबर आत गेलेला जंतू वायुकोशातली भक्षक पेशी गिळते. एरवी गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो तिला पाचक रसांची पिशवी येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. टीबीचा जंतू हे मीलनच रोखतो आणि मारेकऱ्याच्याच पोटात मुक्काम ठोकतो. आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, याला जवळपास वीस तास लागतात. त्यामुळे शरीराला सुगावाही उशिरा लागतो. टी-पेशी तयार होऊन पोचेपर्यंत काही आठवडे जातात.

त्या आल्या की भक्षक पेशींना जोर चढतो. काही जंतू मरतात. उरलेल्यांभोवती पेशींचं कडं बसतं, गाठ तयार होते. मला या सगळ्यात थक्क करतो तो इथला तोल. कडं सैल पडलं तर जंतू सुटतो. पेशी फार चवताळल्या तर फुप्फुसच पोखरलं जातं, पोकळी होते आणि खोकल्यातून जंतू बाहेर पडतो. टीबीतली बरीच नासधूस आपल्याच सैन्याच्या हातून होते.

कडं टिकवायला टीएनएफ नावाचं रसायन लागतं. संधिवातावर टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं आणि 2001 मध्ये ते घेणाऱ्या 70 जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, अनेकांना औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच. आता असं औषध देण्याआधी टीबीची तपासणी करतात. एचआयव्ही तर टी-पेशीच कमी करतो.

बाकी बहुतेकांचा पहारा जन्मभर टिकतो. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो. पण पहारेकरी उपाशी असतील तर? झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले: हे धान्य न मिळालेल्या घरांच्या तुलनेत त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होतं.