पोराचा दम आणि रक्तातलं आम्ल

गेल्या महिन्यात धुळ्यात एका नातेवाइकांच्या घरी पाण्याचं मशीन विकणारा आला होता. त्याने दोन ग्लासांत कसलेसे थेंब टाकले. नळाचं पाणी पिवळं झालं, मशीनचं जांभळं. "तुमचं रक्त असं पिवळं, आम्लधर्मी झालंय. अल्कलाईन पाणी प्या, ते जांभळं होईल," असं तो सांगत होता, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी फिजिशियन आहे. त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो.

त्या थेंबांनी पाण्याची परीक्षा झाली, रक्ताची नाही. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू (pH; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात असतो. जठराचा सामू असतो 2 च्या आसपास. मशीनचं पाणी आधी त्या आम्लात पडतं, तिथेच त्याचा अल्कपणा जवळजवळ संपतो. उरलासुरला मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात. रक्ताचा सामू जागचा हलत नाही. तो खरोखर हलतो तेव्हा काय होतं, ते मला एका मुलाने दाखवलं.

साक्रीकडचा सतरा वर्षांचा मुलगा. मधुमेहामुळे लहानपणापासून इन्सुलिनवर. कुणीतरी सांगितलं, इन्सुलिनची सवय लागते, आमची पुडी घ्या. चार दिवस सुई बंद. पाचव्या दिवशी त्याला आणलं तेव्हा तो खोल, लांब, न थांबणारे श्वास घेत होता, मिनिटाला 36. आई विचारत होती, "पोऱ्याले दमा शे का, डाक्टर?" मी छातीला नळी लावली. शिट्टीचा आवाज नाही, फुप्फुसं स्वच्छ. बोटावर ऑक्सिजन 98. श्वासाला फार पिकलेल्या फळांसारखा वास. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं: सामू 7.15, बायकार्बोनेट 6, कार्बन डायऑक्साइडचा दाब 18. एरवी हे आकडे 7.4, 24 आणि 40 असतात.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. पेन्सिल घेऊन वाचलंत तर बरं.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की बाटलीतल्या सोडा-वॉटरसारखं सौम्य आम्ल तयार होतं. बायकार्बोनेट ते सावरणारं अल्क. रक्ताचा सामू या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो, एकेकट्याच्या आकड्यावर नाही. कळण्याचं पीठ आठवा. पायलीभर दळा की शेरभर, ज्वारी आणि उडदाचं प्रमाण तेच राहिलं तर भाकरी तशीच लागते. वायूच्या दाबाला 0.03 ने गुणलं की विरघळलेला वायू मिळतो. निरोगी माणसात 40 गुणिले 0.03 म्हणजे 1.2, आणि 24 भागिले 1.2 म्हणजे 20. वीसास एक. हे प्रमाण टिकलं की सामू 7.4 वर राहतो.

मुलाच्या शरीरात इन्सुलिन नसल्यामुळे चरबी जळून कीटोआम्लं साठली, आणि त्यांना सावरण्यात बायकार्बोनेट 24 वरून 6 वर आलं. वायूचा दाब 40 वरच राहिला असता तर प्रमाण पाचास एक झालं असतं आणि सामू 6.8 च्या आसपास, म्हणजे जीव वाचणं फार कठीण. पण मेंदूने धोका ओळखून श्वास वाढवला, वायू बाहेर फेकला, दाब 18 वर आणला. 18 गुणिले 0.03 म्हणजे 0.54, आणि 6 भागिले 0.54 म्हणजे साधारण 11. त्याचा लॉगॅरिथम (दहाच्या पायाचा) घेऊन त्यात 6.1, म्हणजे या जोडीचा ठरलेला आकडा, मिळवा, साधारण 7.15 येतं. आईला जो दमा वाटत होता, त्या दमानेच पोर तगलं होतं. जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहींमधला हा श्वास 1874 मध्ये वर्णन केला. अशा रुग्णाला झोपेचं औषध देऊन 'शांत' करणं घातक ठरू शकतं.

फुप्फुसं ही आम्ल बाहेर टाकण्याची केवढी मोठी वाट आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. मूत्रपिंडं दिवसाला जेवढं आम्ल काढतात, त्याच्या सुमारे दोनशेपट कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासातून जातं.

ही वाट तुंबली तर? चुलीपुढे आयुष्य गेलेल्या एका आजींचा रिपोर्ट असा होता: दाब 60, बायकार्बोनेट 32, सामू 7.35. सामू पाहून कुणी 'नॉर्मल' म्हणेल. पण फुप्फुसांत वायू कोंडला होता, आणि मूत्रपिंडांनी दिवसेंदिवस बायकार्बोनेट साठवून प्रमाण जेमतेम राखलं होतं. एकटा वाढलेला बायकार्बोनेट पाहिला तर उलटाच समज होतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत हेच घडलं. रुग्णांच्या रक्तात अल्क वाढलंय असं डॉक्टरांना वाटत होतं. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की रुग्णांना श्वास पुरत नाही आणि वायू साचतोय. मग घशाला छेद देऊन नळी घातली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला.

उलटा प्रकारही असतो. घाबरून भराभरा श्वास घेणाऱ्या मुलीच्या रक्तातला वायू कमी होतो, सामू चढतो, मोकळं कॅल्शियम घटतं आणि बोटं आकडतात. गावात म्हणतात, बाहेरचं लागलं. तिला भगताकडे नेऊन धुरात बसवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण त्या साक्रीच्या मुलाचाही श्वास दिसायला असाच होता.

त्याला सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मला हाक मारली. श्वास हळू झाला होता आणि ती घाबरली होती. तिची भीती रास्त होती. श्वास बरं वाटून मंदावतो तसा थकूनही मंदावतो, आणि कडेला उभं राहून ते ओळखणं सोपं नसतं. पुन्हा मनगटातून रक्त घेतलं. सामू 7.32, बायकार्बोनेट 15, दाब 30. मी कागद तिच्यापुढे धरून 15 वर बोट ठेवलं आणि म्हटलं, "माय, काल हा आकडा सहा होता." तोवर मुलाने पाणी मागितलं.