सेंट लुईसचे दोन संघ: १९४४ चे ब्राउन्स आणि कार्डिनल्स

अमेरिकन बेसबॉलच्या जुन्या नोंदी चाळताना १९४४ च्या वर्ल्ड सिरीजपाशी, म्हणजे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीपाशी, माणूस हमखास अडखळतो. दोन्ही बाजूंना सेंट लुईस. सहाच्या सहा सामने एकाच मैदानावर, स्पोर्ट्समन्स पार्कवर. छपाईची चूक वाटावी असा प्रकार. त्यातच ‘सेंट लुईस ब्राउन्स’ हे नाव एकोणिसाव्या शतकातही सापडतं, आणि गंमत म्हणजे ते ब्राउन्स हे ब्राउन्स नव्हेतच. ते कार्डिनल्सचे पूर्वज.

आधी हा नावांचा गुंता. १८८२ पासून ‘ख्रिस फॉन डेर आए’ नावाच्या जर्मन वंशाच्या दारू-दुकानदाराचा संघ सेंट लुईसमध्ये खेळत होता. त्याचं नाव पुढे ब्राउन्स पडलं आणि १८८५ ते १८८८ अशी सलग चार वर्षं त्याने आपली लीग जिंकली. १८९२ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये गेला, १८९९ मध्ये त्याचं नाव बदललं आणि १९०० पासून तो कार्डिनल्स झाला. नाव मोकळं झालं. १९०२ मध्ये मिलवॉकीहून अमेरिकन लीगचा एक संघ शहरात आला आणि त्याने ते उचललं. १९४४ चे ब्राउन्स ते हेच.

मैदान ब्राउन्सच्या मालकीचं होतं आणि कार्डिनल्स १९२० पासून त्यांचे भाडेकरू. पण भरभराट झाली ती भाडेकरूची. १९२६ ते १९४३ या काळात कार्डिनल्सनी सात वेळा लीग जिंकली. ब्राउन्सनी तोवर एकदाही नाही. १९३५ मध्ये ब्राउन्सच्या घरच्या सामन्यांना अख्ख्या हंगामात ८०,९२२ माणसं आली. मालक डॉन बार्न्स यांनी शेवटी संघ लॉस एंजेलिसला हलवायचं ठरवलं. लीगची बैठक ८ डिसेंबर १९४१ ला होती. आदल्या दिवशी जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि तो बेत तिथेच बारगळला. म्हणजे ब्राउन्स सेंट लुईसमध्ये उरले, तेच मुळी युद्धामुळे.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२ ला बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ लँडिस यांना पत्र लिहिलं: खेळ चालू राहणं देशासाठी चांगलं आहे, पण भरतीच्या वयातल्या खेळाडूंनी लष्करात जायलाच हवं. (इंग्लंडमध्ये काउंटी स्पर्धा बंद होती. आपल्याकडे रणजी चालू राहिली आणि लष्करी नोकरीत इकडे आलेला डेनिस कॉम्पटन १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करून गेला.) रेल्वेवरचा ताण कमी करायला हंगामपूर्व सरावही घराजवळच करायचा होता. त्यामुळे दक्षिणेच्या उन्हाऐवजी कार्डिनल्स इलिनॉयमधल्या केरो गावात आणि ब्राउन्स मिझुरीतल्या केप जिरार्डोमध्ये थंडीत कुडकुडत सराव करू लागले.

खरा फरक आहे तो इथे. युद्धाने दोन्ही संघांतली माणसं नेली, पण कार्डिनल्सच्या कोठारात धान्य भरपूर होतं. संघाचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकी यांनी छोट्या गावांमधल्या संघांचं असं जाळं विणलं होतं की ऐन भरात असताना तीसहून अधिक संघ त्यांच्यासाठी पोरं घडवत होते. इनॉस स्लॉटर आणि टेरी मूर लष्करात गेले, तरी स्टॅन म्युझियल होता, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, मार्टी मॅरियन होता, मॉर्ट आणि वॉकर हे कूपर बंधू होते. १९४२ मध्ये १०६ विजय, १९४३ मध्ये १०५, १९४४ मध्ये पुन्हा १०५. युद्ध नसतं तरी हा संघ वरच राहिला असता.

ब्राउन्सची गोष्ट उलटी. त्यांच्याकडे ‘फोर-एफ’ म्हणजे लष्करी सेवेला शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरलेल्यांचा भरणा होता, आणि म्हणूनच त्यांचा संघ फारसा फुटला नाही. लीगमध्ये सर्वाधिक १०९ धावा घडवणारा व्हर्न स्टीफन्स त्यातलाच. पिचर (चेंडू टाकणारा) डेनी गेलहाउस हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर ॲक्रनमध्ये विमानाच्या कारखान्यात काम करायचा, शनिवारी रात्रीची गाडी पकडायचा आणि रविवारी सामन्यात उतरायचा. चेट लाब्जही युद्धसामग्रीच्या कारखान्यातली पाळी सांभाळून खेळत होता. सिग जाकुकी तर १९३६ नंतर मोठ्या लीगमध्ये दिसलाच नव्हता. त्याला टेक्सासमधून शोधून आणलं.

१९४४ च्या हंगामात सुरुवातीचे सलग नऊ सामने जिंकून या मंडळींनी लीगला धक्का दिला. शेवटी गाठ डेट्रॉइटशी पडली. १ ऑक्टोबरच्या सकाळी दोघं बरोबरीत होते. डेट्रॉइट तळाच्या वॉशिंग्टनकडून हरलं. इकडे जाकुकीने न्यूयॉर्कच्या यांकीजना रोखलं, लाब्जने दोन होमरन (आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) मारले आणि ब्राउन्स ५-२ ने जिंकले. ८९ विजय, एका सामन्याची आघाडी.

हे यश युद्धाने फुकट दिलं, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. यांकीजचा डिमॅजिओ आणि बॉस्टनचा विल्यम्स हे बडे फलंदाज लष्करात होते हे खरं, पण डेट्रॉइटकडे न्यूहाउसर आणि ट्राउट हे पिचर होते, आणि त्या दोघांनीच मिळून ५६ सामने जिंकले होते. चोप सगळ्यांनाच बसला होता.

सिरीजमध्ये एक घरगुती पेच उभा राहिला. एक संघ घरी असला की दुसरा दौऱ्यावर, म्हणून ब्राउन्सचे ल्यूक सेवेल आणि कार्डिनल्सचे बिली साउथवर्थ हे दोन मॅनेजर एकच फ्लॅट आलटूनपालटून वापरत. आता दोघंही एकदमच शहरात, आणि एकाला बिऱ्हाड हलवावं लागलं. मैदानावर मात्र कुणी कुणाची भीड ठेवली नाही. पहिल्या सामन्यात ब्राउन्सना फक्त दोन हिट (यशस्वी फटके) मिळाले, पण त्यातला एक मॅक्विनचा होमरन होता आणि ते २-१ ने जिंकले. दुसरा त्यांनी नेहमीच्या नऊ डावांत बरोबरी राहिल्यावर अकराव्या डावात गमावला, तिसरा जिंकला. पुढचे तिन्ही कार्डिनल्सनी घेतले आणि सिरीज ४-२ अशी संपली. क्षेत्ररक्षणात ब्राउन्सच्या चुका दहा, कार्डिनल्सची एक. दोन संघांतलं अंतर बघायचं तर तिथे बघावं.

पुढच्या वर्षी म्युझियल नौदलात गेला. ब्राउन्सनी पीट ग्रे हा एका हाताचा आउटफिल्डर (सीमेकडचा क्षेत्ररक्षक) खेळवला. तो ७७ सामने खेळला आणि संघ तिसरा आला. त्यानंतर ब्राउन्सनी कधीच लीग जिंकली नाही. १९५३ मध्ये भाडेकरूने मैदान विकत घेतलं आणि घरमालक १९५४ च्या हंगामाला बाल्टिमोरमध्ये ओरिओल्स या नावाने उतरला. तेव्हा जुन्या तक्त्यात ‘सेंट लुईस ब्राउन्स’ दिसले की आधी साल बघावं: १८९९ च्या आधीचं असेल तर ती नोंद कार्डिनल्सची, १९०२ ते १९५३ मधलं असेल तर ओरिओल्सची.