सात टक्क्यांचा घाट आणि पायातले दीडशे वॅट

पुण्याहून खडकवासल्यामार्गे सिंहगडाकडे निघालेला सायकलस्वार डोणजे-गोळेवाडीपर्यंत मजेत येतो. तिथून माथ्यापर्यंतचा डांबरी रस्ता साधारण ९ किलोमीटरचा आणि चढाई ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी पावणेसात टक्क्यांचा चढ: शंभर मीटर रस्ता कापला की पावणेसात मीटर उंची मिळते. कोनात सांगायचं तर जेमतेम ४ अंश. वहीत कोनमापकाने काढला तर हा उतार जवळपास आडवाच दिसेल. तरी सपाटीवर ताशी २५-२७ किलोमीटरने जाणारा माणूस इथे ८ वर येतो, आणि पहिल्या दोन किलोमीटरांतच कितीतरी जण उतरून सायकल ढकलू लागतात. दम कमी पडला असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो गिअर.

हिशोब मांडून पाहू. माणूस ७० किलोचा, सायकल १२ किलोची, पाणी-पंप-हत्यारं मिळून ३ किलो, एकूण ८५. चढ सोयीसाठी ७ टक्के धरू. चढावर सायकलला मागे खेचणारा जोर म्हणजे एकूण वजनाच्या ७ टक्के, इथे सुमारे ६ किलो. सायकलच्या मागे दोरी बांधून कुणीतरी माथ्यापर्यंत सतत ६ किलोचा जोर लावून ओढत राहावं, तसंच हे. त्यात टायरच्या घर्षणाचा साधारण अर्धा किलो. आणि हवेचा? ताशी ८ च्या वेगाला हवेचा विरोध फक्त शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. सपाटीवर ताशी २७ ने जाताना हाच विरोध १४०० ग्रॅमच्या घरात असतो आणि तिथे मुख्य शत्रू तोच. घाटात तो बाजूलाच राहतो. म्हणून सपाटीवर उपयोगी पडणारं वाकून बसणं, घट्ट कपडे, पुढच्या सायकलच्या आडोशाला राहणं यांचा ताशी ८ ला काडीचा फायदा नाही. घाटात छाती मोकळी ठेवून, हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर ठेवून बसावं. श्वासाला जागा मिळते.

या सगळ्या विरोधाला पुरून उरून ताशी ८ चा वेग राखायला पायांतून सुमारे १५० वॅट लागतात. हेच १५० वॅट सपाटीवर ताशी २७ चा वेग देतात. म्हणजे माणूस तोच, ताकद तीच, वेग मात्र तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. १५० वॅट म्हणजे ७० किलोच्या माणसाला दर किलोमागे दोन वॅटपेक्षा थोडे जास्त. नियमित सायकल चालवणाऱ्याला तासभर हे जमण्यासारखं आहे. जगातले अव्वल घाटवीर अर्धा-पाऊण तास दर किलोमागे ६ वॅटच्या आसपास काढतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब मिळतो तो उगाच नाही: सपाटीवर घोळक्याच्या आडोशाने लपून राहता येतं, घाटात प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं.

आता खरा प्रश्न. हे १५० वॅट पायांतून बाहेर कसे काढायचे? वॅट म्हणजे पॅडलवरचा जोर गुणिले पॅडल फिरवण्याचा वेग. जोर जास्त लावून सावकाश फिरवा किंवा जोर कमी लावून भरभर फिरवा, वर पोचवायचं काम तेवढंच. स्नायूंना मात्र या दोन्हींत फार फरक पडतो, आणि गिअरचं काम तेवढंच असतं.

जुन्या धर्तीच्या रेसिंग सायकलला सर्वांत हलका गिअर पुढच्या चकतीला ३९ दात, मागच्या चकतीला २५ दात असा असे. ७०० सी या नेहमीच्या मापाच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) एका फेऱ्यात सायकल जवळपास ३.३ मीटर पुढे जाते. ताशी ८ ला मिनिटाला ४१ फेरेच होतात आणि पॅडलवर सरासरी २१ किलोचा जोर लावत राहावं लागतं. पुढे ३४ ला मागे २८ घेतलं तर ५२ फेरे आणि साडेसोळा किलो. ३४ ला ३४ असेल तर ६३ फेरे, साडेतेरा किलो. तीन चकत्यांच्या हायब्रिड सायकलवर पुढे २८ आणि मागे ३४ मिळालं तर ७७ फेरे आणि फक्त ११ किलो. पहिल्या आणि शेवटच्या सायकलस्वाराचा वेग, घाम, पोचायची वेळ सगळं सारखं. पण पहिल्याच्या मांड्या आणि गुडघे दर फेऱ्याला जवळपास दुप्पट जोर सोसतात. जोर वाढला की पटकन थकणारे जलद स्नायुतंतू कामाला लागतात, ते साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंतली साखर) झपाट्याने जाळतात आणि पाय दगडासारखे होतात. गुडघ्याच्या वाटीमागची दुखणीही इथलीच. त्यात सीट खाली असेल तर आणखी भर. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावं. पाय सरळ व्हायला हवा. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या.

दूधवाल्याची काळी उभी सायकल या हिशोबात बसवून पाहण्यासारखी आहे. पुढे ४८, मागे १८ दात असतील तर एका फेऱ्यात सायकल जवळपास पावणेसहा-सहा मीटर जाते. ताशी ८ ला मिनिटाला २३ फेरे, आणि सरासरी जोर ३७ किलो. हा जोर फेऱ्यात सगळीकडे सारखा नसतो. पॅडल आडवं असताना तो सरासरीच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे साठ किलोच्या आसपास जातो. म्हणजे ७० किलोच्या माणसाने जवळजवळ आख्खं अंग पॅडलवर टाकलं तरच सायकल हलणार. म्हणूनच गावाकडे चढ आला की माणूस उभा राहून पॅडल मारतो, आणि चढ संपत नाही असं दिसलं की उतरतो. त्या सायकलवर तेच शहाणपणाचं आहे.

यातून निघणारा व्यवहाराचा सल्ला आम्ही ठामपणे देतो: घाटासाठी पैसे खर्च करायचे असतील तर हलक्या सायकलवर नंतर करा, मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचावर, आधी करा. एक किलो वजन कमी केल्याने ८५ किलोंतला सव्वा टक्का वाचतो; सिंहगडाच्या सत्तर मिनिटांच्या चढाईत ५० सेकंदांहून कमी. २८ दातांऐवजी ३४ दातांची कॅसेट बसवायला त्याच्या कितीतरी कमी पैसे लागतात. पण आधी दोन गोष्टी तपासाव्यात. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) तेवढी मोठी चकती झेपते का हे त्याच्या मॉडेलवर ठरतं. आखूड दांडीचे बरेच डिरेलर २८ ते ३० दातांपर्यंतच चालतात आणि त्यांची वरची पुली (छोटं दातेरी चाक) मोठ्या चकतीला घासायला लागते. दुसरं, चेन तेवढी लांब हवी. जुनीच आखूड चेन ठेवली आणि चुकून पुढे मोठी, मागे मोठी चकती पडली, तर ताणाने डिरेलरचा हॅंगर (तो फ्रेमला ज्यावर अडकवलेला असतो तो तुकडा) वाकतो किंवा मोडतो.

टायरबद्दल लोक फार कमी बोलतात. खाचांचे जाड टायर आणि त्यात कमी हवा असेल तर घर्षण सहज दुप्पट होतं. अर्ध्या किलोचा जोर एक किलो झाला, यात काय मोठं, असं वाटेल. पण ७ टक्क्यांच्या चढावर हा जास्तीचा अर्धा किलो जोर म्हणजे पाठीवर साडेसहा-सात किलोची पिशवी घेण्यासारखं आहे. हवा भरायला पैसे लागत नाहीत. निघण्याआधी चाक उचलून फिरवून पाहावं. ब्रेकचं रबर रिमला घासत असेल तर तो भारही तुम्हीच वर वाहणार.

गिअर बदलायचा तो चढ अंगावर येण्याआधी. पायात पूर्ण जोर असताना बदलला तर ताणलेली चेन दातांवर चढत नाही; खडखडते, घसरते, क्वचित तुटते. उशीर झालाच तर क्षणभर थोडा जोर लावून वेग घ्यावा, मग अर्धा फेरा पाय हलका फिरवून त्यातच गिअर टाकावा. पुढची चकती मोठीवरून लहानवर आणताना चेन आतल्या बाजूला फ्रेमवर पडण्याचा धोका असतो, म्हणून तो बदल घाटाच्या पायथ्याला सपाटीवरच उरकावा. मागच्या डिरेलरवर ‘एल’ खुणेचा स्क्रू असतो. तो चेनची आतली हद्द ठरवतो. तो सैल असेल तर सर्वांत मोठ्या चकतीवरून चेन पलीकडे जाऊन आऱ्यांत घुसते, आणि हे नेमकं घाटातच घडतं, कारण तो गिअर एरवी कुणी वापरतच नाही. घरी सायकल स्टँडवर उभी करून एकदा तो गिअर टाकून पाहावा. चेनही मोजावी: नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. दीड ते दोन मिलिमीटर वाढ दिसली तर चेन बदलायची वेळ झाली. झिजलेली चेन सपाटीवर निमूट चालते आणि घाटात जोर पडताच दातांवरून उडी मारते.

सरासरी पावणेसात टक्के ही गोष्ट तशी फसवी आहे. घाटात कुठे ४ टक्के असतात, कुठे १२. बारा टक्क्यांवर त्याच १५० वॅटमध्ये वेग ताशी ५ वर येतो. तिथे ३४ ला २८ वर मिनिटाला ३३ फेरे होतात आणि हँडल डगमगू लागतं, कारण सायकलचा तोल सांभाळायला थोडा तरी वेग लागतो. अशा तुकड्यात वॅट थोडे वाढवणं भाग असतं. म्हणून आधीच्या सौम्य तुकड्यात ते राखून ठेवावे लागतात. वळणांचाही हिशोब आहे. घाटातल्या उलट्या वळणावर आतला आणि बाहेरचा काठ तेवढीच उंची गाठतात, पण आतली वाट आखूड. आतल्या वाटेची त्रिज्या ५ मीटर, बाहेरची १० आणि वळणात उंची २ मीटर वाढत असेल, तर आत चढ जवळपास १३ टक्के आणि बाहेर साडेसहाच. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणाला आपल्या वाट्याला आतली, उभी बाजू येते. त्या वळणाआधी एक गिअर हलका करून ठेवावा. बाहेरच्या सौम्य बाजूच्या मोहाने रस्ता ओलांडू नये; वरून येणारी गाडी त्याच बाजूने येते.

पहिल्या किलोमीटरला पाय ताजे असतात आणि २०० वॅट सहज निघतात. वेग दिसतो साडेदहाचा. पण प्रत्येकाच्या शरीराची एक मर्यादा असते. तिच्या खाली स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट शरीर बरोबरीने वापरून टाकतं. लॅक्टेट हे विष नव्हे, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. मर्यादेच्या वर गेलं की ते साठू लागतं, श्वास अनावर होतो आणि पाच-दहा मिनिटांत वेग कोसळतो. तो सावरायला मग बराच वेळ जातो. वॅट मोजणारं मीटर नसेल तर साधी कसोटी आहे: चालवताना एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतं का? दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी करा. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात घाट सोपा वाटला पाहिजे.

उभं राहून पॅडल मारल्याने जोर वाढतो, पण हात, पाठ, पोट सगळे कामाला लागतात आणि तेवढ्याच वॅटला प्राणवायू जास्त खर्च होतो. दर काही मिनिटांनी वीस-तीस फेरे उभं राहून पाठ मोकळी करावी, तेवढं पुरे. उठण्याआधी मागे एक गिअर जड करावा, म्हणजे पाय अचानक खाली निसटत नाही. उठताना सायकल क्षणभर मागे येते, मागचा जवळ असेल तर त्याच्या चाकाला लागते. पावसाळ्यात शेवाळलेल्या किंवा चिखलाच्या डांबरावर उभं राहूच नये. मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरतं.

उन्हाचा विचार आणखी महत्त्वाचा. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. १५० वॅट काढणाऱ्या देहात ५०० वॅटच्या आसपास उष्णता तयार होत असते. ती घालवायला तासाला पाऊण लिटर घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. सपाटीवर ताशी २५ चा वारा तो वाळवतो. घाटात वारा ताशी ८ चा, मागून झुळूक असली तर तीही नाही. घाम टपकत राहतो आणि अंग तापतं. म्हणून मार्च-मेमध्ये सकाळी आठच्या आत माथा गाठावा. तहान लागायची वाट न पाहता दर दहा-बारा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि एका बाटलीत चिमूटभर मीठ व थोडी साखर असावी. चढाईत खर्च होणारी ऊर्जा साधारण ६५० किलोकॅलरी; वरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही ती निवांत भरून काढतं.

वर जमा केलेली उंची उतरताना परत येते. ८५ किलो, ६०० मीटर: दीड लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा. हवा खाते तेवढी सोडून बाकी सगळी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबावेत, वेग उतरला की सोडून द्यावेत, चाकाला थंड व्हायला वेळ मिळतो. मध्ये एखाद्या रुंद वळणावर रस्त्याच्या कडेला थांबून रिमजवळ हात नेऊन पाहावा. धग लागत असेल तर पाच मिनिटं तिथेच थांबावं.