पोलॅक म्हणजे स्वस्तातला कॉड नव्हे

ब्रिटनमधल्या मराठी घरांत माशांचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. ‘कॉड परवडत नाही ना? मग पोलॅक आण. सेम टू सेम.’ पंधरा दिवसांनी त्याच घरातून तक्रार येते की कालवणात मासा शोधावा लागला, नुसता चुरा झाला. खापर फुटतं मासळीवाल्यावर: शिळा दिला असणार. बहुतेक वेळा मासा चांगलाच असतो. त्याला कॉड समजून शिजवलेलं असतं, एवढंच.

कॉडबद्दल फार सांगत बसत नाही. फिश अँड चिप्सच्या देशात राहणाऱ्याला तो ठाऊकच असतो: जाड, पांढराशुभ्र, शिजल्यावर मोठमोठ्या पाकळ्या सुटणारा, चवीला सौम्य. माझ्या मते जरा जास्तच सौम्य. पोलॅक त्याच कुळातला. अख्खा मासा समोर असेल तर ओळखणं सोपं. कॉडच्या हनुवटीखाली एक मिशी लोंबते. पोलॅकला ती नसते आणि त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो. कॉडच्या कुशीवरची रेघ फिकट, पोलॅकची गडद आणि कल्ल्यामागच्या पराच्या वर एकदम वाकलेली. फिलेट पाहाल तर पोलॅक किंचित करडा दिसतो, बोटाला मऊ लागतो आणि शेपटीकडे पातळ होत जातो. रंग बघून नाक मुरडू नका, शिजल्यावर पांढरा होतो.

सगळा घोळ त्या मऊपणात आहे. फिलेट धुऊन तसंच तव्यावर टाकलं की आधी पाणी सुटतं, मासा भाजला जाण्याऐवजी त्या पाण्यात शिजतो आणि उलथनं लावलं की दुभंगतो. पाणी आटेपर्यंत थांबावं तर चोथा. कॉड अशा वेळी बराच सोशीक. जाड तुकडा असेल तर मिनिटभर जास्त राहिला तरी आतून रसदार राहतो, फुटला तरी पाकळ्या मोठ्या असतात, वाढताना लाज जात नाही. पोलॅकला ही सवलत नाही. त्याला शिजवण्याआधी मीठ लागतं, आणि सुरुवातीला नुसतं मीठच.

‘पण आम्ही हळद-मीठ लावतोच की!’ लावतो, पण कसं ते बघा. हळद, मीठ, तिखट, आलं-लसणाचं वाटण, वर लिंबू किंवा कोकमाचं आगळ, सगळं एकदम चोळायचं, तासभर ठेवायचं आणि ताटलीत साचलेल्या पाण्यासकट तुकडी तव्यात सोडायची. सुरमईला हे चालतं. तिचं मांस घट्ट, तुकडीत मधे काटा, भोवती कातडी. कॉडचंही निभावून जातं. पोलॅकचं निभत नाही, कारण मीठ आणि आंबट या दोघांची कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मीठ वरवरचं पाणी ओढून काढतं, मांसातली काही प्रथिनं विरघळवतं, त्यामुळे वरचा थर चिकट होतो आणि तुकडी धरून राहते. आंबट मात्र आच नसतानाच प्रथिनं आवळतं, रस बाहेर ढकलतं. तासाभराने कडा शिजल्यासारख्या पांढऱ्या दिसायला लागतात, त्या आंबटामुळेच. अशी तुकडी तव्यावर गेली की भुसभुशीत होणारच. बरणीतली तयार आलं-लसूण पेस्ट तर त्यात आणखी आंबट आणि पाणी घालते. ती माशाला लावणाऱ्यांशी माझं पटत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. फिलेट टिपून कोरडं करा. अर्धा किलोला साधारण दीड टीस्पून बारीक मीठ दोन्ही बाजूंनी लावा, जाड भागावर थोडं जास्त, शेपटीकडे कमी. जाळीवर किंवा तिरप्या ताटलीत वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. वर पाण्याचे थेंब जमतात, खाली ओहोळ होतो. ते पाणी फेकायचं, मसाल्यात मुरवायचं नाही. किचन टॉवेलने दाबून टिपा. आता बोट लावून बघा, मघाशी बोट रुतत होतं तिथे मांस आता दाब परतवतं. मग हळद, तिखट, हवं तर ताजं वाटलेलं लसूण. मीठ पुन्हा घालू नका. लिंबू पानात वाढल्यावर.

ओले बोंबील तळण्याआधी आपण चिरतो, फडक्यात ठेवतो, वर पाटा किंवा जड काहीतरी ठेवून पाणी काढतो. तसेच पाणीदार बोंबील कुणी तव्यावर टाकत नाही. पोलॅक इतका पाणीदार नाही, म्हणून वजन नको, पण शिस्त तीच. ज्याला बोंबील नीट तळता येतो त्याला पोलॅक जमलाच पाहिजे.

बाकी तव्याचं फार नाही. कातडी ठेवूनच घ्या, तीच तुकडी सांभाळते. तांदळाच्या पिठात थोडा बारीक रवा मिसळून लावा, तवा तापू द्या, कातडीची बाजू खाली ठेवून तीन चतुर्थांश शिजवा आणि एकदाच उलटा. शेपटीकडचा पातळ भाग दुमडून आत घाला. गर्दी करू नका. पाणी काढलेल्या माशालाही गर्दीत वाफ येते. मधोमध ६० अंश सेल्सियस झाले, निदान मिनिटभर राहिले, की उतरवा. या कुळातल्या माशांत कधीमधी बारीक किडे सापडतात, तेही त्या तापमानाला मरतात.

कालवणात पोलॅक घालायचाच तर रस्सा आधी पूर्ण तयार हवा. वाटण शिजलेलं, चिंच किंवा आमसूल उकळून झालेलं, मीठ चाखलेलं (माशाचं मीठ धरून, कमीच). आच मंद करून तुकड्या सोडा, झाकण ठेवा, जाडीप्रमाणे चार-पाच मिनिटं. डाव घालू नका, पातेलं फडक्याने धरून गोल फिरवा. आणि दुसऱ्या दिवशी कालवण जास्त मुरतं म्हणून ठेवून द्यायचा आपला जो रिवाज आहे, तो इथे सोडा. पुन्हा उकळी आली की पोलॅक संपला. रात्री उरणार असेल तर सरळ कॉड घ्या, तोही बेताने गरम करून.

फ्रीझरमधल्या पाकिटावर ‘अलास्का पोलॉक’ लिहिलेलं असेल तर वरचं सगळं विसरा. तो उत्तर पॅसिफिकमधला वेगळा मासा, फिश फिंगर आणि क्रॅब स्टिकमध्ये जातो तो. उकडून, बटाटा-कोथिंबीर घालून कटलेट करा, उत्तम होतात. तुकडी म्हणून तळायला जाऊ नका. आणि कोणत्याही पाकिटावर ‘पाणी मिसळलेलं’ असं बारीक अक्षरात असेल तर ते परत ठेवा, पाण्याचे पैसे का द्यायचे? ‘कोली’ (coley) नावाचा मासा पोलॅकचा सख्खा भाऊ, कच्चा असताना आणखी करडा. मिठाचा नियम त्यालाही तोच.

राहिला ‘पोलॅक खा, समुद्र वाचवा’ हा उपदेश. तो आता जुना झाला. २००० नंतरच्या दशकात उत्तर समुद्रातला कॉड फार घटला होता, तेव्हा दुकानं आणि शेफ पोलॅकची शिफारस करत होते. गिऱ्हाइकांना नाव उच्चारायला संकोच वाटतो म्हणून सेन्सबरीज या सुपरमार्केटने २००९ मध्ये त्याचं बारसं करून ‘कॉलिन’ ठेवलं होतं, यावरून उत्साह लक्षात यावा. पण समुद्राचं संशोधन करणाऱ्या ‘आयसेस’ या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२४ साठी इंग्लिश खाडी आणि केल्टिक समुद्रातला पोलॅक अजिबात पकडू नका असं सांगितलं, आणि तिथे इतर माशांबरोबर चुकून जाळ्यात येईल तेवढाच ठेवायची परवानगी उरली. कॉर्नवॉलमध्ये गळाने पोलॅक धरून पोट भरणाऱ्यांचे हाल झाले. त्यामुळे हा मासा दिसला की कुठून आला ते विचारा. उत्तर न देणाऱ्याकडून मी घेत नाही. पुण्यच हवं असेल तर अलास्का पोलॉकचे कटलेट करा, त्या मासेमारीला एमएससीची (समुद्र न ओरबाडणाऱ्या मासेमारीला प्रमाणपत्र देणारी संस्था) निळी खूण २००५ पासून आहे.

ओव्हनमध्ये भाजायला, पाहुण्यांसाठी आणि दोन दिवसांच्या कालवणाला मी कॉडच आणते. रविवारी तव्यावर तळून, सोलकढी आणि गरम भाताबरोबर लगेच संपवायचा असेल, आणि नीट मार्गाने आलेला मिळाला, तर पोलॅक. कॉडपेक्षा महाग असला तरी.